हिरव्या शाईतली ओळ

निंबर्ग्याच्या सिद्धाप्पाच्या घरात त्याच्या बापापर्यंत मेंढरं होती. सिद्धाप्पानं ती हळूहळू विकली, तुरीपुरती थोडी जमीन धरली आणि उरल्या दिवसांत लोकांच्या रानात मजुरी केली. त्याला दोन लेकरं. थोरली भाग्यलक्ष्मी, आणि तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला योगीराज. आई तानुबाई रानात गेली की योगीराज बहिणीच्या कडेवर. चालायला यायला लागलं तरी तो खाली उतरायचा नाही. पोरीची कंबर त्यामुळंच एका बाजूला कलली, असं तानुबाई हसत सांगायची.

बारावी झाल्यावर भाग्यलक्ष्मी गुलबर्ग्याला सिद्धव्वा मावशीकडं राहून कॉम्प्युटर शिकू लागली. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि एका मशीनवर दोघांना बसवत. तिच्या वाट्याला आलेला जोडीदार व्यंकट, औराद तालुक्यातल्या ठाणाकुशनूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसऱ्याच्या हातात माउस. चुकलं की दोघांनी एकमेकांकडं बघायचं. कोर्स संपेपर्यंत दोघांचं ठरून गेलं होतं. जात वेगळी, त्यामुळं घरी विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी रजिस्टर लग्न केलं.

सिद्धाप्पानं लेकीच्या नावानं आंघोळ केली. ‘मला एकच पोरगं,’ असं तो चारचौघांत म्हणू लागला. ठाणाकुशनूरला व्यंकटचे वडील श्रीपतराव आणि आई नागूबाई यांनीही सुरुवातीला तोंड फिरवलं. पण रेणुका जन्मली आणि नागूबाई बाळंतविडा घेऊन स्वतः आली. त्यानंतर सासरचं दार उघडलं ते उघडलंच. फक्त भांडण झालं की नागूबाईच्या तोंडून एक वाक्य ठरलेलं यायचं, “तुझ्याकडचं कुणी कवा उंबऱ्याला आलंय का गं?”

दुकान कुठं काढायचं यावर नवराबायकोचा वाद झाला होता. व्यंकटला उदगीर नाहीतर बिदर हवं होतं. भाग्यलक्ष्मीनं आळंदचाच हट्ट धरला. निंबर्ग्याचा माणूस बाजाराला आळंदलाच येतो, एवढंच ती म्हणाली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, बाहेर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही अक्षरांत पाटी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं, शाळेचे पेपर, असं सगळं काम येई. व्यंकट कन्नड जुळवायचा, ती मराठी. जुळवलेला मजकूर पातळ ट्रेसिंग कागदावर काढून शेजारच्या गल्लीत वीरण्णाकडं जायचा. त्या कागदावरून वीरण्णा जाळीची फ्रेम तयार करायचा आणि रबराच्या पट्टीनं शाई ओढून पत्रिका छापायचा.

सिद्धाप्पा बाजाराला येई, पण त्या गल्लीत पाऊल टाकत नसे. टोकाच्या हॉटेलापाशी त्याचा पटका दिसे आणि वळून जाई. भाग्यलक्ष्मी मान वर न करता टाइप करत राही.

माहेरचा एकच माणूस दुकानात येत होता, तो योगीराज. आयटीआय करून तो पुण्याकडं एका कारखान्यात लागला होता. सुटीवर आला की आधी अक्काच्या दुकानात, मग गावाला. रेणुका त्याच्या खांद्यावर चढून बसायची. माहेर म्हणून भाग्यलक्ष्मीकडं जे काही शिल्लक होतं, ते सगळं त्या एका पोराच्या रूपानं महिन्या-दोन महिन्यांनी बसमधून उतरत होतं.

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्याआधी तो आला तो हसत आला. लग्न ठरलं होतं. मुलगी जगदेवी, शहाबादकडची, घरात सगळे कन्नड बोलणारे.

“पत्रिका तूच करायची, अक्का,” तो म्हणाला. “आन तुमची नावं घालायची. तुझं, दाजीचं, रेणुकाचं.”

भाग्यलक्ष्मीचा हात कीबोर्डवरच थांबला. “अप्पा?”

“अप्पानंच सांगितलंय. घाल म्हणले लेकीचं नाव.”

ती उठून आत गेली. खोलीला आत असं काही नव्हतं. कागदाच्या रिमांमागं एक पडदा होता, त्यामागं जाऊन ती थोडा वेळ उभी राहिली. व्यंकटनं योगीराजला चहा मागवला.

तिनं शेकड्यानं पत्रिका केल्या होत्या, पण अशी कुठली केली नव्हती. डाव्या पानावर कन्नड, उजव्या पानावर मराठी. वर बीरदेवाचं नाव, खाली वधूवरांची नावं वळणदार अक्षरात. आईवडिलांच्या खाली निमंत्रक म्हणून सौ. भाग्यलक्ष्मी व श्री. व्यंकट. आणि अगदी तळाला, जिथं घरातल्या चिमण्यांची नावं असतात तिथं, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’, आणि शेजारी कु. रेणुका. रेणुकाच्या नावापाशी तिनं एक पोपट बसवला. पोपट तीन वेळा बदलला.

छापायला काढायची वेळ आली तेव्हा योगीराज तिच्या बाजूला स्टूल ओढून बसला. प्रिंटचा हुकूम दिला की आधी पडद्यावर एक चौकट उघडते आणि ती एकेक गोष्ट विचारते. भाग्यलक्ष्मी भावाला समजावून सांगत होती. कागद आडवा घ्यायचा, नाहीतर कन्नड पान अर्धं कापलं जातं. आकार शंभर टक्केच ठेवायचा. कागदात मावेल तसं कर म्हटलं की मशीन गुपचूप सगळं बारीक करतं आणि पत्रिका पाकिटात खुळखुळते. कापायच्या खुणा हव्यात. अक्षर दाट यायला हवं, नाहीतर जाळीत पुसट उतरतं.

“आन हे रंग,” ती म्हणाली. “जितके रंग, तितके कागद निघत्यात. ह्या रंगापुढं खूण केली की त्या रंगातलं तेवढंच येतंय. वीरण्णा एकेका कागदाची एकेक फ्रेम करतोय आन एकावर एक छापतोय. तुझ्यात दोन रंग हायत. देवाचं आन तुमचं नाव सोनेरी, बाकी समदं मरून.”

“तुमच्या ओळी हिरव्या कर,” योगीराज म्हणाला.

“कामून?”

“लेकीची ओळ हाय. हिरवी असली म्हंजे नजरंत भरतीया. पोपट बी हिरवाच पाहिजे की.”

मागून व्यंकट म्हणाला, “दोन ओळींसाठी तिसरी फ्रेम? मरूनमदीच जाऊ दे. वीरण्णाला उगं ताप.”

“होऊ द्या दाजी ताप. एकदाच लग्न हाय माझं.”

भाग्यलक्ष्मीला भरून आलं. लेकीची ओळ म्हणून हिरवी, हे आपल्याला सुचलं नाही, ह्या पोराला सुचलं. दोन्ही भाषांतल्या आपल्या ओळी, रेणुकाची ओळ आणि पोपट तिनं निवडले, त्यांना हिरवा रंग दिला, आणि चौकटीत तिसऱ्या रंगापुढं खूण केली. प्रिंटरमधून तीन कागद आले. ट्रेसिंगवर रंग दिसत नाही, तिन्हींवर अक्षरं काळीच असतात. तिसऱ्या कागदावर तर जवळजवळ काही नव्हतंच. मोकळ्या कागदात चार-पाच ओळी आणि दोन पोपट. तिनं तिन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. आपलं नाव बापाच्या नावाखाली नीट येऊन बसलेलं दिसलं.

“मीच देऊन येतो वीरण्णाकडं,” म्हणत योगीराजनं कागद गुंडाळले.

चार दिवसांनी त्यानं पन्नास पत्रिका आणून दिल्या. “तुझ्या सासरला वाट,” म्हणाला.

व्यंकट त्या घेऊन ठाणाकुशनूरला गेला. नागूबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनं रेणुकाचं नाव कुठं आहे ते बोटानं धरून ठेवलं आणि घरोघर जाऊन स्वतः पत्रिका दिल्या. प्रत्येक घरात कुणाकडून तरी ती मोठ्यानं वाचून घेतली. श्रीपतरावांनी जीप ठरवली. लग्नाला जायचं म्हणजे सगळ्यांनी जायचं, पोरीच्या माहेरचं पहिलं कार्य.

लग्न पंधरवड्यावर आलं असताना एका दुपारी यल्लम्मा दुकानात आली. निंबर्ग्याचीच, सिद्धाप्पाच्या घरामागं राहणारी. भाग्यलक्ष्मीला पोटाशी धरून खेळवलेली.

“माझ्या धाकट्याचं बी ठरलंय, बाय,” ती म्हणाली आणि पदराखालून एक पत्रिका काढली. “तुज्या भावाची हाय. तुज्या हातची हाय म्हणं. हुबेहूब अशीच कर. मला वाचाय येत न्हाई, पर लई देखणी दिसायलीय.”

भाग्यलक्ष्मीनं पत्रिका उघडली. सोनेरी होतं. मरून होतं. बापाच्या नावाखाली मोकळी जागा होती. तळाला, जिथं पोपट हवा, तिथंही मोकळी जागा. बघणाऱ्याला वाटावं की ऐसपैस मांडणी आहे. कन्नड पानावरही तसंच.

एखादी पत्रिका हिरव्याविना सुटली असेल, असं तिच्या मनात आलं. वीरण्णाच्या हातून घाईत असं होतं कधीकधी.

“काकू, ही तुला कुणी दिली?”

“तुज्या बानंच की. गावात समद्यांला हीच दिलीय. माझ्या जावंच्या घरी बी हाय, पाटलाच्या घरी बी हाय.”

“हिरवी अक्षरं, पोपट असलेली बघितलीस का कुठं?”

“पोपट?” यल्लम्मा म्हणाली. “न्हाई गं बाय. पोपट कुठला?”

भाग्यलक्ष्मीनं तिच्या मुलाच्या लग्नाचा मजकूर लिहून घेतला. नावं दोनदा विचारून घेतली. यल्लम्मा गेल्यावर ती वीरण्णाकडं गेली. तो अंगणात फ्रेम धूत होता.

“वीरण्णा, योगीच्या पत्रिकेला हिरवी शाई किती पत्रिकांना लावलास?”

“पन्नासला.”

“आन बाकीच्यांना?”

वीरण्णानं वर पाहिलं. तिच्या तोंडाकडं बघून त्यानं हात पुसले. “बाकीच्यांना लावलोच न्हाई. तसंच ठरलं व्हतं की, अक्का. तुमाला ठाऊक न्हाई?”

“कुणी ठरवलं?”

“योगीराजनं. तुमच्याकडं यायच्या आधी माझ्याकडंच आला व्हता. एक ओळ थोड्याच पत्रिकांत पाहिजे, थोड्यांत नको, कसं करायचं म्हणून इचारला. मी सांगितलो, ती ओळ येगळ्या रंगात घे म्हण, म्हंजे येगळी फ्रेम होती. नको तिथं ती फ्रेम लावायचीच न्हाई. मला वाटलं तुमचं घरातलं ठरलेलं हाय. तुमच्याच हातचा कागद व्हता.”

तुमच्याच हातचा कागद. ती परत आली तेव्हा व्यंकटनं काय झालं विचारलं. तिनं यल्लम्माची पत्रिका त्याच्यापुढं ठेवली आणि पर्स घेऊन निंबर्ग्याच्या बसमध्ये जाऊन बसली.

लग्नानंतर ती पहिल्यांदाच गावात उतरत होती. घराला चुना दिलेला. अंगणात सिद्धाप्पा बाजेवर बसून दावं वळत होता. त्यानं तिला पाहिलं, दावं बाजेवर ठेवलं, आणि मागच्या दारानं रानाकडं निघून गेला. तानुबाई दाराच्या चौकटीत आली. तिथंच थांबली. योगीराज आतून धावत बाहेर आला आणि अक्काला हाताला धरून गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेला.

“अप्पानं म्हणलं व्हतं का नाव घाल म्हणून?” भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

योगीराजनं गोठ्याच्या कुडातली एक काडी उपसली.

“बोल की रे.”

“अप्पाला इचारलोच न्हाई.”

“मग?”

“जगदेवीच्या घरी सांगितलंय. मला बहीण न्हाई म्हणून. अप्पा पयल्यापासून तेच सांगत आलेत, सोयरीक जमली ती तशीच. आता नाव बघितले की इचारणार, कुठं दिली, कुणाला दिली. मोडंल गं, अक्का.”

“नको व्हतं तर नको व्हतं. मी मागितले व्हते का नाव? पुण्यात छापायची व्हतीस. मला कळलंबी नसतं.”

“तुला बरं वाटावं म्हणून केलो,” योगीराज म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “सासरला तुझी मान वर राहावी. तुझी सासू टोमणे मारती म्हणलीस ना. त्या पन्नास पत्रिका मी तुझ्यासाठीच छापून घेतलो.”

“आन आम्ही लग्नाला आलो असतो मग? जीप ठरलीय आमची.”

“आदल्या दिवशी फोन करणार व्हतो. अप्पाची तब्येत बिघडलीय, घरच्या घरी उरकायलोय, येऊ नका म्हणून.”

“म्हंजे अप्पाला बी आजारी पाडणार व्हतास.”

तिला रडू येत नव्हतं. तिला दिसत होता तो स्टुलावर बसलेला योगीराज, आणि आपण त्याला शिकवत होतो ते. ह्या रंगापुढं खूण केली की तेवढंच येतं. तो मान डोलवत होता. त्याला ते सगळं आधीच माहीत होतं. वीरण्णाकडून शिकून आला होता. आपल्या तोंडानं आपण त्याला पुन्हा सांगितलं आणि आपल्या हातानं आपलं नाव वेगळ्या कागदावर काढून दिलं, वर डोळे पुसत.

बापानं तर नावानं आंघोळ केली होती, ती उघड्यावर, चार लोकांत. त्यात लपवाछपवी नव्हती. हे तसं नव्हतं. ज्याला कडेवर वाढवलं, त्यानं गोड बोलून केलं होतं.

“अक्का, समजून घे,” योगीराज म्हणाला.

“समजलं,” ती म्हणाली. जाताना तिनं चौकटीकडं पाहिलं. तानुबाई आत गेली होती.

व्यंकटनं सगळं ऐकून घेतलं. तो मुळात भांडखोर माणूस नव्हता. म्हणाला, “गावाकडं सांगू, तुझ्या अप्पाची तब्येत बिघडली म्हणून. प्रश्नच न्हाई उरत.”

भावानं रचलेलं खोटं तेच, शब्दसुद्धा तेच. “न्हाई,” ती म्हणाली. “मी खरं सांगणार हाय.”

दुसऱ्या दिवशी ती रेणुकाला घेऊन ठाणाकुशनूरला गेली. नागूबाई ओसरीत नवं लुगडं उघडून बसली होती, काठ बघत होती. भाग्यलक्ष्मीनं खाली बसून एका दमात सांगून टाकलं. नागूबाईनं लुगड्याची घडी घालून ते बाजूला ठेवलं.

“मी घरोघर वाटले गं त्या,” शेवटी ती म्हणाली. “वाचून घेतले समद्यांकडून.”

“व्हय, आत्याबाई.”

“आता काय सांगू लोकांला?”

श्रीपतराव उठले, टोपी घातली आणि जीपवाल्याकडं गेले. त्या दिवशी नागूबाई तिला वाईट बोलली नाही, उलट भाकरी करून तिनं सुनेला बळंच जेवू घातलं. पण पुढं कितीतरी वर्षं, जरा कुठं भांड्याला भांडं लागलं की ती म्हणायची, “पन्नास पत्रिकांचं माहेर.” गावातल्या दुसऱ्या बायकाही ते शिकल्या.

लग्नाच्या दिवशी भाग्यलक्ष्मीनं दुकान उघडं ठेवलं. यल्लम्माच्या मुलाची पत्रिका त्याच दिवशी पूर्ण केली. यल्लम्माला हवी होती तशीच, सोनेरी आणि मरून.

योगीराज त्यानंतर आळंदला उतरेनासा झाला. परभारे गावी जायचा. मुलगा झाला तेव्हा त्यानं पुण्याहून फोन केला. अक्का, बारशाची पत्रिका तुझ्याकडूनच हवी, असं म्हणाला. तिनं विचारलं, बाळ कसंय, बाळंतीण कशीय, आणि पुण्यात चांगले छापणारे आहेत असं सांगून फोन ठेवला. पुढं आळंदमध्ये फ्लेक्सचं मोठं मशीन आलं, ट्रेसिंगचं काम आटलं, वीरण्णानं फ्रेमा माळ्यावर टाकल्या. व्यंकटनं झेरॉक्स आणि फोटोचं काम सुरू केलं. भाग्यलक्ष्मी मराठी जुळवत राहिली. गिऱ्हाइकाचं काम छापायला काढताना ती चौकटीतली एकेक ओळ वाचून दाखवू लागली, हे असं येणार, ते तसं येणार, चालेल का. लोक कंटाळायचे. व्यंकट म्हणायचा, छाप की लवकर. ती वाचतच राहायची. ज्याची पत्रिका आहे त्याच्या बहिणी किती, हेही ती विचारायची, आणि कुणी काहीबाही उत्तर दिलं की पुढं बोलायची नाही.

सिद्धाप्पा दोन हजार दहा साली वारला. बातमी तिला बाजारातून कळली, तोवर माती होऊन गेली होती.

त्यानंतर दिवाळीच्या आसपास तानुबाई एकटीच दुकानात आली. खूप म्हातारी झाली होती. रेणुका दहावीला होती, तिनं आजीला खुर्ची दिली आणि क्लासला निघून गेली. तानुबाईनं पिशवीतून शेंगांचं आणि तुरीचं गाठोडं काढलं. दोघी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. गुडघे, पाऊस, योगीराजच्या पोराची शाळा.

“अव्वा,” भाग्यलक्ष्मी म्हणाली, “त्या पत्रिकेचं तुला ठाऊक व्हतं?”

तानुबाईनं पदर सारखा केला.

“व्हय,” ती म्हणाली.

“छापायच्या आधी?”

“व्हय.” मग, “तू लई खूश हाईस म्हणून सांगितला त्यो. मला वाटलं, राहू दे तेवढंच.”

भाग्यलक्ष्मीनं चहा मागवला. आईनं तो बशीत ओतून प्यायला. मग निंबर्ग्याची बस लागली, तशी ती आईला हाताला धरून बसस्टँडवर घेऊन गेली, खिडकीची जागा मिळवून दिली, पिशवी मांडीवर ठेवली. तानुबाई खिडकीतून तिच्याकडं बघत होती, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. भाग्यलक्ष्मी बस सुटेपर्यंत उभी राहिली, पण ‘परत ये’ असं तिच्या तोंडून निघालं नाही.